झाडीपट्टीच्या वाटा आणि वाहने

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखादा सुस्थितीतील शेतकरी, कंत्राटदार किंवा राईस मिलचा मालक आज नवे वाहन घ्यावयास निघतो, तेव्हा त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. रोज तहसील कचेरीला, बाजाराला आणि मुलांच्या शाळेला जाईल, आणि प्रसंगी नाला ओलांडून शिवारात उतरेल व मुरमाड चढ चढून रानातही शिरेल, असे एकच वाहन कोणते घ्यावे? हा प्रश्न मोटार-कारखान्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निर्माण केला असे वरवर वाटते. परंतु वस्तुतः या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. त्याचे उत्तर प्रत्येक पिढीने आपल्या काळातील वाटा पाहून दिले, आणि ती उत्तरे एकापुढे एक मांडली असता या जिल्ह्याच्या दळणवळणाचा एक इतिहासच उभा राहतो.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा निघालेला गोंदिया जिल्हा महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, मध्यप्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमेला टेकून वसलेला आहे. पश्चिमेकडे वैनगंगेचे खोरे, उत्तरेस व पूर्वेस बाघ नदी, दक्षिणेस चुलबंद आणि गाढवी, मध्ये नागझिरा-नवेगावच्या डोंगररांगा, आणि त्यांच्या पायथ्याशी कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले, पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले शेकडो तलाव: असा हा झाडीपट्टीतला प्रदेश. वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. जमिनीची प्रतवारी येथील शेतकरी कन्हार, मोरांड, सिहार आणि बरडी अशी करतो, व ब्रिटिश अमदानीतील जमाबंदीच्या दफ्तरांनीही हीच नावे स्वीकारली. वाहनाच्या दृष्टीने या चार नावांना फार महत्त्व आहे. कारण काळ्या कन्हारीत पावसाळ्यात चाक रुतते ते बाहेर निघत नाही, आणि बरडीवर मात्र ऐन श्रावणातही बंडी खडखडत निघून जाते. त्यातही धानाची शेती म्हणजे पाणी अडविण्यासाठी बांधलेल्या बांध्यांची शेती, तेव्हा जे पाणी वाटेला मारक तेच पिकाला तारक; आणि म्हणून गावाबाहेरची पांधण कोरडी राहावी अशी इच्छा येथील कास्तकाराला कधी पुरतेपणी करताच आली नाही.

अशा मुलखात बैलगाडी एकच असून भागत नसे. सधन घरी ओझ्यासाठी बंडी आणि माणसांसाठी रेंगी किंवा दमणी, अशी दोन वाहने असत. बंडी जड, रुंद, उभ्या दांड्यांच्या कठड्याची. तिच्यात धानाची पोती, तणस, सरपण, शेणखत, प्रसंगी इमारतीचे सागवान चढे. रेंगी हलकी, आखूड आणि चपळ. लग्नाचा वऱ्हाडी, माहेरवाशीण, जत्रेला निघालेली मंडळी तिच्यात बसत, आणि तिला जुंपलेली बैलजोडी नांगराला सहसा लावीत नसत. वर्धा-नागपूरपासून बालाघाटपर्यंत प्रसिद्ध असलेली गवळाऊ जातीची शुभ्र, उंच, धावरी खोंडे अशा कामासाठी विशेष मानली जात. याच चपळ जोड्यांच्या अभिमानातून भंडारा-गोंदियाचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा खेळ, वाढला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या बंदीनंतर काही वर्षे थांबलेला हा पट, २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरल्यावर, पुन्हा उजळ माथ्याने भरू लागला. चिखलणीच्या आणि जड ओझ्याच्या कामाला मात्र हल्या, म्हणजे रेडाच उपयोगी. तो मंद, ऊन न सोसणारा, पण गुडघाभर चिखलात न अडणारा. ज्याच्या घरी दोन वाहने ठेवण्याची ऐपत नव्हती, तो बंडी घेई, रेंगी नव्हे. सणासुदीला तिच्यातच तणस पसरून, वर सतरंजी टाकून घरची माणसे नेई. हा निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढच्या काळातील प्रत्येक निवडीत तो पुन्हा दिसतो.

बंडीचे चाक हे ग्रामीण कारागिरीचे किती विचारपूर्वक घडलेले फळ होते, हे ते घडताना पाहिल्यावाचून उमगत नाही. मध्ये जाड लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडून वर्तुळ पुरे करणारे लाकडी पाट, आणि त्या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. ही धाव लोहार मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करी. मग गोवऱ्यांच्या गोल आगटीत ती लाल होऊन फुगेपर्यंत तापवी, दोघे-तिघे लांब चिमट्यांनी ती उचलून चाकावर बसवीत, घणाचे चार घाव घालीत, आणि लाकूड पेट घेण्यापूर्वीच पाण्याचे हंडे तिच्यावर ओतीत. वाफेच्या लोटात धाव आक्रसली म्हणजे सारे सांधे करकरत एकमेकांत घट्ट बसत. वैशाखाच्या उन्हात लाकूड सुकून ही पकड सैल होई, म्हणून मृगापूर्वी चाके तलावाच्या पाण्यात भिजवून फुगविण्याची वहिवाट होती. चाकाचा व्यास मोठा ठेवल्यामुळे आस जमिनीपासून उंच राही व वाटेतील दगड-खुंट खालून निघून जात; कडा अरुंद ठेवल्यामुळे चाक वरचा मऊ चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचे. शिवाय बंडीचे चाक स्वतः काही ओढीत नाही, ते केवळ फिरते; ओढ असते ती बैलाच्या खुरांची, आणि खूर चिखलात रोवला जातो, घसरत नाही. मोटारीची सारी अडचण येथेच आहे, कारण तिच्या चाकालाच वजन वाहावयाचे असते आणि त्यालाच जमीन पकडून गाडी पुढे रेटावयाची असते.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाल्यावर ब्रिटिशांनी नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गाने रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड बांधून काढण्याकडे लक्ष दिले. आज राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणून आपण ज्यावरून जातो, तो बव्हंशी याच मार्गाचा वारस होय. त्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य बंजाऱ्यांच्या लदाऊ बैलांच्या तांड्यांतून नागपूरकडे येई, कारण चाकाच्या वाहनाला सर्वकाळ चालेल अशी वाटच नव्हती. १८८२ मध्ये नागपूरपासून राजनांदगावपर्यंत मीटर गेजची आगगाडी सुरू झाली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूर-जबलपूरकडे व नागभीडकडे छोट्या रुळांचे फाटे निघाले. तांडे नाहीसे झाले. बंडी मात्र नाहीशी झाली नाही, उलट तिचे काम वाढले, कारण गोंदियाच्या मालधक्क्यापर्यंत पोचणारे धान, तेंदूपान, मोहफूल आणि लाकूड आता गावोगावाहून स्थानकापर्यंत आणावयाचे होते. मोठ्या मार्गावर नवे वाहन आले की जुने वाहन लहान मार्गावर सरकते, हा नियम या जिल्ह्याने पुढेही वारंवार अनुभवला. बंड्यांची ही सोय सर्वांना सुखाची होती असे मात्र समजू नये. साहेबाचा दौरा निघाला, तंबू आणि दफ्तर एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी हलवावयाचे झाले, म्हणजे रसदेबरोबर बंड्या पुरविण्याचा हुकूम मुकादमावर सुटे, आणि ऐन कामाच्या दिवसांत कुणाची तरी जोडी वेठीस धरली जाई. तो जाच या वाहनाच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो विसरून केलेले बैलगाडीचे गुणगान मला अपुरे वाटते.

मोटार प्रथम आली ती मालगुजारांच्या आणि जमीनदारांच्या दारात. कामठा, आमगाव, चिचगड अशा जमीनदाऱ्यांचा हा पूर्व भाग. पण त्या विलायती मोटारी शोभेच्या आणि कोरड्या ऋतूच्या होत्या, पावसाळ्यात त्यांना गोठ्याशेजारच्या पडवीत विश्रांती. पुढे ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशात मालकी हक्क संपुष्टात आले आणि मालगुजारीबरोबर तो थाटही ओसरला.

खरा पालट घडविला तो जीपने. अमेरिकेच्या सैन्यासाठी १९४१ पासून विलीज आणि फोर्ड यांनी बनविलेल्या या लहानशा गाडीचे दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून अधिक नग तयार झाले. लांबी सव्वातीन मीटरहून थोडीच अधिक, इंजिन साठ अश्वशक्तीचे, आणि चालकाच्या उजव्या गुडघ्याजवळ मुख्य गिअरखेरीज दोन आखूड दांडे. त्यांतील एक ओढला की इंजिनाची ओढ मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही मिळे. दुसरा ओढला की वेग जवळजवळ निम्मा होऊन ओढ तितकीच वाढे. एक चाक घसरले तर दुसरा आस गाडीला पुढे खेचतो, या साध्या योजनेने मोटारीच्या चाकाची ती मूळ अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख असलेले के. सी. महिंद्र यांच्या नजरेत ही गाडी भरली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या पेढीने १९४७ मध्ये मुंबईत सुट्या भागांतून जीपची जुळणी सुरू केली. भागीदार गुलाम मोहम्मद हे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ पासून ती पेढी ‘महिंद्र अँड महिंद्र’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

गोंदिया भागात जीप आली ती सरकारी मोटार म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामुदायिक विकास योजना सुरू झाली, विकासगट पडले, आणि गटविकास अधिकारी जीपमधून गावी येऊ लागले. वनखात्याला तर ती अपरिहार्यच झाली; जंगलातील कूप, आगीच्या रेषा, डेपो आणि नाकी यांच्यामध्ये जाणारी दुसरी कोणतीही मोटार टिकत नव्हती. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्लींसारखे अरण्याचे जाणकार वनाधिकारी नवेगावबांधला राहिले ते याच सुमारास. या काळात प्रांत दोनदा बदलला, मध्यप्रदेशातून १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण कचेरीच्या दारातील वाहन तेच राहिले. अशा गाड्या निर्लेखित झाल्या की लिलावात निघत, आणि कंत्राटदार व मोठे शेतकरी त्या विकत घेत. जीप खाजगी मालकीची झाली ती बहुधा अशा दुसऱ्या हातानेच.

तिचा मोठा दोष पेट्रोल. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले तेव्हा ही तहान सोसेनाशी झाली, आणि जीपमध्ये डिझेल इंजिन बसू लागले. त्यांतील एक तर मुळात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावरूनच सिद्ध झालेले होते. या घटनेचे महत्त्व नागपूर-मुंबईच्या वाचकाला चटकन जाणवणार नाही; परंतु ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ट्रॅक्टर उघडले-मिटले, त्याला जीपचे इंजिन परके राहिले नाही, आणि आमगाव किंवा सडक अर्जुनीच्या वडाखाली ती दुरुस्त होऊ लागली. शक्तीपेक्षा, वेगापेक्षा, किंबहुना चार चाकांच्या ओढीपेक्षाही, जवळच्या गावी दुरुस्त होण्याचा हा गुण झाडीपट्टीने नेहमी अधिक मोलाचा मानला आहे, आणि त्यात तिची दूरदृष्टीच दिसते.

१९८० नंतरच्या दोन दशकांत याच धाटणीच्या लांब जीप, महिंद्रची कमांडर आणि बजाज टेम्पोची ट्रॅक्स, काळ्या-पिवळ्या रंगात सर्वत्र धावू लागल्या. विदर्भातील प्रांतिक परिवहन सेवा १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळात विलीन झाली होती, परंतु एस. टी. जेथे दिवसातून एकदा जाई, किंवा पावसाळ्यात जातच नसे, तेथे काळी-पिवळी भरली की निघे. आत बारा-पंधरा, टपावर पोती, मागच्या पायरीवर लोंबकळणारे तीन-चार. कायद्याला हे मान्य नव्हते आणि अपघातांनी त्याची किंमतही वसूल केली. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दरेकशाकडे जाणारा गोंड समाज याच गाड्यांनी जाई. मला येथे नोंदवावयाचे आहे ते असे की या काळ्या-पिवळ्यांपैकी बहुतेकांना फक्त मागच्या दोनच चाकांची ओढ होती. चारही चाकांची यंत्रणा महाग, जड आणि इंधन खाणारी म्हणून वाहतूकदारांनी ती सोडून दिली. उंच बांधा, मजबूत पाटे आणि अनुभवी चालक एवढ्यावर त्यांनी जिल्ह्यातील बहुतेक वाटा जिंकल्या.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि ज्या गावांना केवळ पांधण होती त्यांना हळूहळू डांबर मिळाले. २००० मध्येच बोलेरो आली, आणि तिच्या मागे ओझ्याची खुली पेटी असलेली बोलेरो पिकअप व दोन ओळी बसण्याची कॅम्पर. टाटांची २०७ त्याआधीपासून होतीच. २००५ मध्ये आलेला टाटा एस ‘छोटा हत्ती’ या नावाने राईस मिलच्या दारी उभा राहू लागला. मग २००७ मध्ये स्कॉर्पिओ गेटअवे, २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स अशा, घरगुती मोटारीचे सुख आणि रानवाटेचे सामर्थ्य एकत्र देऊ म्हणणाऱ्या गाड्या आल्या. बंडी आणि रेंगी यांचा संयोग घडवून आणण्याचाच हा प्रयत्न आहे, आणि तो यंत्रदृष्ट्या खरोखर प्रशंसनीय आहे.

परंतु या संयोगाचे मोल कशाने द्यावे लागते ते पाहणे अवश्य आहे. शेवटच्या दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरहून लांब. त्या गोंदियाच्या बाजारपेठेत वळवणे आणि उभ्या करणे ही रोजची कसरत. ओझ्यासाठी बसविलेले मागचे पाटे रिकाम्या पेटीत ताठ राहतात व खड्ड्यागणिक मागच्या आसनावरील म्हाताऱ्या माणसाला उसळवितात. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला पिवळी पाटी आणि ठराविक मुदतीने योग्यतेचा दाखला यांचा बंदोबस्त करावा लागतो, तिच्या पेटीत माणसे बसविणे बेकायदा, आणि या कागदांचा कंटाळा असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. उंची गाड्यांचा विशेष भाग मोडला तर तो जवळच्या मिस्त्रीकडे मिळेलच असे नाही, नागपूरकडे तोंड करावे लागते.

ऋतुमानाचा विचार केला म्हणजे तर हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. या जिल्ह्यातील मोठे ओझे पावसाळ्यात हलत नाही. हलका धान दिवाळीच्या आगेमागे आणि भारी धान त्यानंतर कापला जातो. मळणी होऊन चाळीस किलोंचे कट्टे आधारभूत खरेदी केंद्राकडे निघतात तेव्हा पांधण वाळून टणक झालेली असते. मोहफुले वेचली जातात ती फाल्गुन-चैत्रात, तेंदूपाने तुटतात ती मे महिन्यात. त्या वेळी रानातील वाटेवर उंच बांधा हवा, चार चाकांची ओढ नव्हे. चिखलाचे खरे दिवस रोवणीचे, आषाढ-श्रावणातले. आणि त्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या, खताची पोती आणि मजूर बांधीपर्यंत नेण्यास ट्रॅक्टर दारात उभा असतोच, किंवा भाड्याने मिळतो. जी यंत्रणा वर्षातील दीड-दोन महिने उपयोगी पडावयाची, आणि त्या महिन्यांतही जिचे काम दुसरे वाहन अधिक चांगले करते, तिचे वजन आणि तिचा खर्च उरलेले दहा महिने डांबरी रस्त्यावर वाहत राहणे मला पटत नाही.

म्हणून माझा निर्णय असा. ज्याचे घर डांबरी रस्त्यावर आहे आणि केवळ शेत नाल्यापलीकडे आहे, त्याने दोन चाकांच्या ओढीची, दोन ओळी बसण्याची, तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी पिकअप घ्यावी, आणि नाल्यासाठी ट्रॅक्टरवर विसंबावे. ज्याचे घरच नाल्यापलीकडे आहे, ज्याला भर पावसात रात्री बाळंतीण किंवा आजारी माणूस घेऊन निघण्याची पाळी येऊ शकते, त्याने मात्र चारही चाकांची गाडी घ्यावी आणि तिच्या खर्चाकडे पाहू नये. कोणीही असो, त्याने गाडी पाहावयास श्रावणात जावे, उन्हाळ्यात नव्हे. घरची माणसे मागच्या आसनावर बसवावीत, पेटीत धानाचे पाच-सहा कट्टे टाकावेत, आणि विक्रेत्याच्या गुळगुळीत रस्त्यावरून न नेता आपल्या गावच्या पांधणीवरून ती एकदा चालवून पाहावी. विक्रेता त्याला तयार नसेल तर व्यवहार करू नये.